रघू, तो कळा कोरडा होता

रघू,

तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना. खाडीच्या काठावर आम्ही बारा-पंधराजण चैत्राच्या उन्हात उभे होतो आणि जो तो पुढे होऊन तुला काहीतरी कबूल करत होता. तुझ्या मेव्हण्याने सांगितलं, ताईला अंतर देणार नाही. शाळेतल्या नव्या मास्तरांनी सांगितलं, तुमची पुस्तकं वाळवी लागू न देता जपू. कावळे समोरच्या माडावर बसून बघत होते. तुला काय हवं होतं ते त्या सगळ्यांत एकट्या मला माहीत होतं, आणि मी मागे उभा राहून पंचाचं टोक पिळत होतो. शेवटी भटजी कंटाळले, त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी जेवायला गेली. मीही गेलो. जेवलोसुद्धा.

आज सकाळी देवळात जे झालं ते तुला सांगायला बसलोय. पण सरळ तिथे जायचा धीर होत नाही, म्हणून जरा लांबून येतो. तुला लांबणीची सवय आहे. एका ओळीतल्या पुसलेल्या तीन अक्षरांवर तू एक अख्खा पावसाळा काढला होतास.

तू खलाशाचा मुलगा, मी भैरीच्या गुरवाचा. एका बाकावर बसून शिकलो, एकाच छडीने मार खाल्ला. पुढे तू मास्तर झालास आणि मी बापाच्या जागी देवाच्या गाभाऱ्यात गेलो. पण रविवारी दुपारी तू पाखाडीच्या पायऱ्या चढून माझ्या परसात येणार, सुपारी कातरणार आणि माझ्या देवावर बोलणार, हे काही चुकलं नाही. "फुलाचे दोन कळे ओले करायचे, देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायचे, उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. आणि ह्या कौलावर गावाने लग्नं ठरवायची, बांधाची भांडणं तोडायची! गणू, तुझ्या दोन कळ्यांनी जेवढी माणसं गप्प केली तेवढी सरकारने केली नसतील." मी म्हणायचो, तुझे दगड मुके, माझा देव बोलतो. तू म्हणायचास, तुझा देव तू बोलवशील तसं बोलतो. ह्यावर मी खरोखर चिडायचो. कारण तोवर मी कळ्याला कधी दगा दिला नव्हता. माझ्या बापानेही दिला नव्हता. पाणी दोन्हींना सारखं, बोटाचा दाब सारखा, मग हात मागे घ्यायचा आणि बघायचं सुद्धा नाही.

तो दगड तुला कसा सापडला हे गावात लोक निरनिराळं सांगतात. कुणी म्हणतं तुला स्वप्न पडलं. खरं म्हणजे तू पान खात होतास. देवळामागच्या दोन पडक्या घुमट्या तू तोवर वर्षभर धुंडाळल्या होत्यास, एकेक चिरा नारळाच्या सोडणाने घासला होतास आणि हाती काही लागलं नव्हतं. त्या दिवशी तू माझ्या परसात काळ्या दगडावर बसलास, ज्या दगडावर मी रोज देवाची भांडी चिंचेने घासतो, माझे आजोबाही घासायचे. बोलता बोलता तुझी बोटं दगडाच्या कडेखाली गेली आणि तू मध्येच थांबलास. तुझं तोंड पानाने भरलेलं, थुंकायलाही उठेनास. म्हणालास, "गणू, खाली अक्षरं आहेत."

चार माणसं लावून आपण तो उलटवला. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरांच्या ओळी, आणि खाली बाई आणि गाढवाचं ते चित्र. माझी बायको घरात पळाली. तू मात्र हरखलास. म्हणालास, ही गधेगाळ. राजाने काही दिलं आणि कुणी ते मोडलं, तर त्याच्या आईला ही शिवी, दगडात कोरून ठेवलेली, वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून. लाजेखातर कुणीतरी तो पालथा घातला असणार, आणि चित्राबरोबर अक्षरंही मातीत गेली. तू ओला कागद त्याच्यावर अंथरून कुंचल्याने ठोकलास, वर काजळीचा बोळा फिरवलास, आणि कागद उचलल्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. तुझं नाकही काळं झालं होतं. मी हसलो तर म्हणालास, हस, पण दगड हलवू नकोस.

आठ रविवार लागले तुला वाचायला. काय लिहिलंय ते तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा आपण दोघेच होतो, आणि मला आनंद झाला नाही, हे तुला दिसलं असणार. देवळापुढची तळी महारवाडीच्या पूर्वजांनी खणली होती. नावं होती त्यांची, एकाखाली एक. त्याबद्दल राजाच्या माणसाने त्यांना वचन दिलं होतं, की ह्या तळीचं पाणी वरच्या पायरीवरून त्यांनी आणि त्यांच्या वंशाने घ्यावं, चंद्र-सूर्य असेतोवर. आणि जो अडवील त्याला ती खालची शिवी.

माझ्या परसालगतच तळीचा दगडी गडगा, त्याच्या बाहेर त्या वेळी महारवाडीतली येसू उभी होती. ती रोजच असायची. घडा खाली ठेवायचा आणि वरून कुणी पाणी ओतील का, ह्याची वाट बघायची. चैत्र-वैशाखात तिच्या वाडीचा झरा आटला की दुपार-दुपार तिथेच जायची. तू मला वाचून दाखवत होतास ते तिने लांबून ऐकलं आणि विचारलं, "गुरुजी, आमचं नाव हाय त्यात?" तू म्हणालास, "आहे. तुमचंच आहे." तिने घडा उचलला आणि पाणी न घेता परत गेली. सांगायला गेली असेल.

मग गावाची बैठक. तुझं म्हणणं एवढंच, की दगड तळीच्या तोंडाशी उभा करावा आणि सगळ्यांसमोर वाचावा. तात्या खोतांनी तुला नाही म्हटलं नाही. ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. म्हणाले, देवाची वस्तू आहे, भैरीला विचारू. तूही मान डोलावलीस. तुला वाटलं असेल, पन्नास टक्के तरी आशा आहे, आणि गुरव तर आपला गणूच.

दुसऱ्या दिवशी खोत माझ्याकडे आले. पडवीत बसले, पाणी प्यायले, माझ्या तिन्ही मुलींची चौकशी केली. थोरलीला स्थळ बघतो म्हणाले. घर देवाच्या जागेवर आहे, देवाच्या पूजेची पाळी तुमच्याच घरात राहावी असं गावाला वाटतं, हेही म्हणाले. उठताना हलक्या आवाजात बोलले, "कौल भैरीचाच हो. पण कळे तुझ्या हातचे."

बाकी तुला माहीत आहे. म्हणजे मला वाटत होतं, तुला माहीत नाही. उजवा कळा मी चांगला भिजवून गंधाच्या बोटाने दाबला. डावा पंचाला पुसला आणि नुसता टेकवला. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत तो पडला. भैरीने नाही म्हटलं. दगड माझ्या परसात पुन्हा पालथा घातला, कारण तो आधी तसाच होता आणि देवाची तशीच इच्छा दिसली. तू माझ्या शेजारून पाखाडी उतरून गेलास. पुढल्या रविवारी मात्र आलास, सुपारी कातरलीस. दगडाकडे पाहिलं नाहीस.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. सात वर्षं झाली. रोज सकाळी मी त्या दगडावर देवाची भांडी घासतो. दुसरीकडे घासावीत तर लोक विचारतील, आज इथे का? माझी बायको एकदा म्हणाली, "तुम्ही भांडी घासता की दगड?" तेव्हा कळलं, मी फार वेळ घासत बसतो.

आणखी एक सांगतो, जे तुला कधी बोललो नाही. मला वाटलं होतं येसू चिडेल, वाडीतले जाब विचारतील. मला ते हवंसं वाटत होतं. तसं काही झालं नाही. ती पुन्हा गडग्याबाहेर घडा घेऊन उभी राहू लागली. एकदा मीच पाणी ओतताना बोललो, त्या दगडाचं वाईट झालं. ती म्हणाली, "भैरीनंच नाय सांगितलं, मंग कुणाशी भांडू?" खोताने नाही म्हटलं असतं तर ती भांडली असती. मी तिला देवाकडून नाही म्हणवलं, आणि देवापुढे माणसाचं काही चालत नाही. रत्नागिरीत सगळ्यांसाठी देऊळ बांधलं ते बघून तू आलास, तेव्हा मला म्हणालास, तिथे माणसांनी माणसांना नाही म्हटलं होतं, म्हणून माणसांना ते बदलता आलं. मी विषय बदलला.

तू पुण्याच्या विद्वानांना ठसा पाठवलास. त्यांचं उत्तर आलं, की नुसत्या कागदावर भरवसा ठेवता येत नाही, शिळा जागेवर वाचायला मिळाली पाहिजे. तू ते पत्र माझ्यापुढे ठेवलंस. मी म्हटलं, कौल झालाय, मी काय करू? आणि तू पत्र घडी करून खिशात घातलंस. रघू, मी त्या वेळी तुझ्यावर रागावलो होतो. तू भांडत का नाहीस म्हणून. अजून रागावलोय. तू एकदा जरी माझा गळा धरला असतास तर मी ओकून मोकळा झालो असतो. पण तुझा स्वभाव तो. दगडाला सुद्धा तू कधी छिन्नी लावली नाहीस, म्हणायचास, माती आपोआप सुटेल.

विषमज्वराने तुला धरलं तेव्हा मी रोज पेज घेऊन येत होतो. जाण्याच्या चार दिवस आधी तुला जरा हुशारी वाटली. पाठीला लोड लावून बसलास, दोन घोट घेतलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "गणू, त्या दिवशी डावा कळा पडला, तेव्हा त्याच्या मागे ओल नव्हती."

आयुष्यभर दगडावरच्या पुसट खुणा वाचणारा माणूस तू. उजव्या कळ्याखालून पाण्याचा ओघळ आलेला, आणि डावा जिथून पडला तिथे देवाचा खांदा कोरडा ठक्क. सगळं गाव पडलेल्या कळ्याकडे बघत होतं आणि तू तो जिथून पडला ती जागा बघत होतास. सात वर्षं तुला माहीत होतं. सात वर्षं तू माझ्या परसात सुपारी कातरलीस.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, गाभाऱ्यात उजेड कमी होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "होय, कमी होता." आणि वाटी पुढे केलीस, अजून पेज आहे का म्हणून.

तू मला दार उघडून दिलं होतंस रे. मी ते आतून ओढून घेतलं. तू का बोलला नाहीस ह्याचा मी फार विचार केला. माझ्या मुलींसाठी असेल. गुरवाचा कौल खोटा ठरला तर आजवरचे सगळे कौल खोटे, त्यावर झालेली लग्नं, मिटलेली भांडणं, सगळं उसवेल, हेही तुझ्या मनात आलं असेल. की तुला माझ्याच तोंडून हवं होतं? ते आता मला कधी कळणार नाही.

तू गेलास आणि तिसऱ्या दिवशी गावात उठलं, मास्तरला गधेगाळीची शिवी लागली. दगड उलटवला, वाचला, म्हणून धडधाकट माणूस गेला. मधली सात वर्षं कुणाच्या हिशेबात नाहीत. खोत म्हणाले, असला दगड गावात नको, फोडून खाडीत टाकावा. पण देवाची वस्तू, भैरीला विचारायला हवं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कौल ठरला. म्हणजे आज.

ह्या वेळी खोत माझ्याकडे आले नाहीत. आता त्याची गरज राहिली नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी मात्र चार दिवस घरात फेऱ्या मारत होतो. डावा कोरडा लावला तर दगड वाचतो, पण मग मी पुन्हा देवाच्या तोंडात माझे शब्द घातले, तुझ्या बाजूचे असले तरी. दोन्ही कळे सारखे ओले लावावेत तर उजवा पडू शकतो. मग माझ्या प्रामाणिकपणापायी तुझी अक्षरं खाडीच्या चिखलात जातात. आजारी पडावं असंही मनात आलं. पण कौल पुढे ढकलला जातो, रद्द होत नाही. माझ्या बायकोने एकदाच विचारलं, झालंय काय तुम्हाला? मी तिला सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच तिने मला सबंध बोलू दिलं. मग म्हणाली, धाकटीचं तेवढं राहिलंय, तिचं माझ्या भावाकडून जमवू. एवढं बोलून ती भात टाकायला गेली. तिचे उपकार मी कसे फेडू ते मला माहीत नाही.

सकाळी देऊळ भरलं होतं. खोत पुढे, मानकरी त्यांच्या मागे, बायका मंडपाबाहेर, आणि गडग्यापलीकडे महारवाडी. तगरीचे दोन कळे मी तांब्याच्या पळीत पाण्यात टाकले. मग हात जोडून गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो. तुला गाऱ्हाण्याची फार गंमत वाटायची. गुरव एक वाक्य म्हणतो आणि सगळं गाव एका सुरात "होय महाराजा" म्हणतं, शब्द ऐकायच्या आधीच. तू म्हणायचास, एकदा बाजाराची यादी म्हणून बघ.

"बा देवा भैरी महाराजा," मी म्हटलं.

"होय महाराजा."

"आज बारा-पाचाची मंडळी तुझ्या पायाशी जमली हायत."

"होय महाराजा."

"सात वर्सांमागं ह्याच जाग्यावर तुला त्या काळ्या दगडाचा कौल लावला होता."

"होय महाराजा."

"तवा डावा कळा मी पंचाला पुसून कोरडा लावला. तू काय बोल्ला नव्हतास. मी बोल्लो."

"होय महाराजा."

सगळं गाव म्हणालं, रघू. खोतांनीही म्हटलं, डोळे मिटून, हात जोडून. गडग्यापलीकडून जरा उशिराने आलं, नेहमी येतं तसं. मग एकेकाच्या कानातून शब्द आत उतरले. मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. खोतांनी डोळे उघडले. मी मग बाकीचंही सांगितलं, दगडात काय लिहिलंय ते. तुझ्याइतकं नीट नाही, पण नावं सगळी सांगितली. ती मला पाठ आहेत.

पुढचं फार नाही. खोत शिव्या देत नाहीत, त्यांनी दिल्या नाहीत. पूजेची पाळी काढून घेतली, पावसाआधी घर सोडायला सांगितलं. दोन मानकरी अंगावर आले, त्यांना इतरांनी धरलं. एकाने विचारलं, माझ्या बहिणीचं लग्न तू लावलेल्या कौलावर मोडलं होतं, ते खरं होतं का? मी म्हटलं, तो कळा ओला होता. त्याने विश्वास ठेवला नाही. आता कुणीच ठेवणार नाही, आणि हे मला आयुष्यभर पुरेल. पण एक गोष्ट मंडळी पांगल्यावर त्यांच्या ध्यानात आली असेल. पूजा दुसऱ्याला देता येते, पण कौल लावायचा मान आमच्याच घराचा, दुसऱ्याच्या हातचा कौल हे गाव मानत नाही. आणि कौलाशिवाय देवाचा दगड फोडायला एकही हात पुढे येणार नाही. ते अडकलेत. सात वर्षं मी होतो तिथे.

दगड अजून परसात पालथाच आहे. चौघांशिवाय हलत नाही. तुझा ठसा वहिनींनी माझ्याकडे दिलाय. पुण्याला मी स्वतः लिहिणार आहे, की दगड जागेवर आहे, लवकर या, आणि सोबत चार माणसं आणा.

दुपारी देवळाला कडी घालून निघालो तर येसू गडग्याशी उभी होती. केस पांढरे झालेत तिचे. घडा खाली ठेवलेला, रिकामा. तिने विचारलं, "म्हंजे देव नाय म्हणाला नव्हता?"

"नव्हता," मी म्हटलं. "त्याला कुणी विचारलंच नव्हतं."

तिने घडा उचलला. वरच्या पायरीकडे बघितलं. आज ती चढली नाही. पण पाणी ओता असंही म्हणाली नाही.

तू असतास तर ह्या सगळ्यात मला एकच विचारलं असतंस, ते मला ठाऊक आहे. म्हणून परत आत गेलो आणि पळी उचलून बघितली. कळे तसेच पाण्यात होते. ओले होते रे. दोन्ही ओले होते.

तुझा,
गणू